मिरचीची नोंद: आंतरप्रवाही औषध, तेही फूल लागायच्या आत

मंडळी, देगावच्या बाजूच्या आपल्या तुकड्यातली मिरची गुडघ्याला लागली आहे. पावसाने ओढ दिली आणि सोलापुरात नेहमी होतं तेच झालं: शेंडे आकसायला लागले.

चुरडा-मुरडा (पानं आकसून वळणं) दिसला की लगेच पंप पाठीला लावायचा नाही, आधी पान नीट बघायचं. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान अरुंद झालं, देठ लांबला, तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव). पांढऱ्या कागदावर शेंडा हलकेच आपटला, तर सुईच्या टोकाएवढे पिवळसर किडे तुरुतुरु पळाले. म्हणजे फुलकिडे. हे बघून घेण्याला फार महत्त्व आहे, कारण मी वापरलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक कोळ्यांवर चालत नाही. उलट त्यांना खाणारे मित्रकीटक मेले की कोळी आणखी वाढतात.

5 टक्के निंबोळी अर्क आणि निळे चिकट सापळे आधीच झाले होते. तरी जोर ओसरेना, म्हणून इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव औषध) काढलं. लेबलवर मिरचीचं नाव आहे याची खात्री करूनच.

हे औषध आंतरप्रवाही, म्हणजे नुसतं पानावर बसून राहत नाही. ते झाडात शिरतं आणि रसाबरोबर वर, कोवळ्या शेंड्याकडे जातं. पानाच्या घडीत लपलेला किडा रस शोषतो तेव्हा ते त्याच्या पोटात जातं. म्हणून ते गुणकारी, आणि म्हणूनच जोखमीचंही. आत गेलेलं औषध फळ धुऊन निघत नाही, आणि फुलातल्या मधात व परागातही उतरतं. मधमाश्यांच्या काळजीपोटी युरोपीय संघाने 2018 साली इमिडाक्लोप्रिडसह त्याच निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. माझा नियम त्यामुळे ठरलेला आहे: पहिली कळी दिसायच्या आत मारायचं, नाहीतर मारायचंच नाही. शेवटची फवारणी आणि तोडा यांत किती दिवस सोडायचे ते लेबलवर पीकवार दिलेलं असतं. टोमॅटोचा आकडा मिरचीला लावू नका.

शेजारी डाळिंबाचा मृग बहार फुललाय, मधमाश्या दिवसभर तिकडे असतात. म्हणून वेळ संध्याकाळची धरली, वारा पडल्यावर. आदल्या दिवशी पाणी दिलं, कारण सुकलेलं झाड औषध नीट ओढत नाही. बांधावर जाऊन शेजारच्या अण्णांना सांगितलं, "अण्णा, आज संध्याकाळी औषध मारणार आहे, शेळ्या इकडं सोडू नका." ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, पोरांनाबी सांगतो."

मात्रा लिटरला अर्ध्या मिलिच्या आसपास असते, तिथे टोपणाने मोजणं म्हणजे अंदाजपंचे. मी सिरींज वापरतो, आणि ती फक्त याच कामाला. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, मास्क. उकाड्यात हे सगळं नकोसं होतं, पण तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे संरक्षण नव्हे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, ते आपल्याच राज्यातले लोक होते. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकायचा नाही. वारा पाठीकडून घ्यायचा. मळमळलं, चक्कर आली, तर बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा; यावर खास उतारा नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

निकाल: नवी पालवी सरळ आली. जुनी चुरगळलेली पानं तशीच राहतात, ती बघून पुन्हा फवारायचं नाही. कागदावर आता तुरळक किडे दिसतात.

दुकानात "हे चालेना तर थायामेथोक्झाम न्या" असं सांगतात. अॅसिटामिप्रिड, थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड ही एकाच गटातली, किड्याच्या मज्जासंस्थेवर एकाच जागी घाव घालणारी. डबा बदलला तरी घाव तोच, आणि किडे त्याला लवकर सरावतात. बदलायचा तो गट.

आता कळ्या धरल्या आहेत, त्यामुळे हे औषध कुलपात. यापुढे निंबोळी अर्क, सापळे आणि बांधावरचा झेंडू. कोळी दिसलेच तर पाण्यात विरघळणारं गंधक, तेही ऊन उतरल्यावर. तुमच्याकडे फुलोऱ्यात फुलकिडे आले असतील तर काय वापरलंत, ते पीक आणि वेळेसह कळवा.