दुसऱ्या गिअरची कुरकुर

गाडी मी पुण्याहून सोलापूरला आणली ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. टर्बो पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, मॅन्युअल, ८ वर्षं जुनी, ६१,००० किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. घरात सगळे ऑटोमॅटिक घे म्हणत होते. बायको तर म्हणाली, "सात रस्त्याच्या सिग्नलला क्लच दाबून दाबून गुडघा दुखायला लागला की कळेल." पण मला मॅन्युअलच हवी होती. खरी स्पोर्ट्स कार आपल्याला या जन्मी परवडणार नाही, निदान स्पोर्ट्स कारसारखा गिअर तरी हाताला लागावा, एवढीच हौस.

पुणे ते सोलापूर २५० किलोमीटर मी खुशीत आलो. त्यातले बहुतेक पाचव्या गिअरमध्येच गेले, म्हणजे परीक्षा झालीच नव्हती, हे नंतर लक्षात आलं. परीक्षा झाली जानेवारीत. गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सोलापूरची मोठी जत्रा, होम मैदानाच्या बाजूचे रस्ते माणसांनी भरलेले, आणि दुकानाला जायचं म्हणजे गल्लीबोळातून पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. (माझं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे. आमचा मोसम मे-जून, त्यामुळे जानेवारीत गाडीच्या मागे लागायला वेळ होता.) सकाळी गार गाडीत दुसरा गिअर टाकताना दांडा मधेच अडायचा, जोर लावला की 'कुर्र' करून जायचा. तिसरा शोधावा लागायचा. दांडा डावीकडे-उजवीकडे असा हलायचा की कढईत झारा फिरवतोय असं वाटावं. आणि तासभर गर्दीत चालवली की रिव्हर्स टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज.

मी या सगळ्याला एकच नाव दिलं: गिअर खराब. तिथेच चुकलो.

पहिलं काम काय केलं? खरेदी. परदेशी लोक गिअर नॉबला वजन द्यायला सांगतात, म्हणून ऑनलाइन स्टीलचा भरीव नॉब मागवला. कल्पना तशी खोटी नाही. जड नॉब एकदा हलला की स्वतःच्या वजनाने पुढे जातो, छोटा अडथळा हाताला जाणवत नाही. पण अडथळा तिथेच राहतो, फक्त लपतो. आणि ज्यांनी हा सल्ला दिला त्यांनी सोलापूरचं ऊन पाहिलेलं नव्हतं. मार्चमध्ये एका दुपारी पार्क चौकात गाडी उन्हात लावून तासाभराने परत आलो आणि सवयीने नॉब धरला. तव्यावर हात ठेवलाय जणू. त्या दिवशी घरापर्यंत नॉबवर रुमाल गुंडाळून आलो. सध्या तो नॉब आईकडे आहे, शेंगाच्या चटणीचा लसूण ठेचायला. तिथे उत्तम चालतो.

दुसरी खरेदी शॉर्ट शिफ्टर. यात दांड्याचा टेकू बदलतो, त्यामुळे हाताचं अंतर कमी होतं. पण तरफेचा हिशेब कुणाला चुकत नाही: अंतर घटलं की जोर वाढतो. जो गिअर आधीच अडत होता तो आता दगड झाला. आठ दिवसांत काढून टाकला. एका गॅरेजने मग सरळ सांगितलं, पूर्ण क्लच सेट बदला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ३८,००० रुपये. गाडी चालवूनसुद्धा पाहिली नाही त्याने.

तेव्हा काकांना बोलावलं. काका एसटीत ड्रायव्हर होते, सोलापूर डेपोतून निवृत्त झाले. त्यांना टर्बो-बिर्बोचं कौतुक नाही. आले, गाडीत बसले, सीट पुढे ओढली आणि क्लच दाबला. पुन्हा दाबला. मग वाकून पायाखाली बघितलं.

"हे काय अंथरलंयस बे?"

मॅट. गाडी घेतल्याबरोबर हौसेने टाकलेली जाड, शिवलेली सेव्हन-डी मॅट, आणि तिच्याखाली कंपनीची मूळची मॅट तशीच. दोन्ही मिळून पेडलच्या खालची चांगली बोटभर जागा खाऊन बसल्या होत्या. क्लच तळाला जातच नव्हता. पेडल पूर्ण गेलं नाही की क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट पूर्ण सुटत नाही, क्लच प्लेट थोडी घासत राहते, गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो, आणि रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो, म्हणजे वेग जुळवून देणारी कडी, नसल्यामुळे तो पहिला ओरडतो. काकांनी दोन्ही मॅट काढून मागच्या सीटवर टाकल्या. शिवाय मी सीट इतकी मागे ठेवून बसत होतो की शेवटचा भाग पायाच्या बोटांनी ढकलत होतो. "क्लच दाबून धरल्यावर गुडघ्याला थोडा वाक राहिला पाहिजे," म्हणाले. मी इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी एकेक करून तपासलं, आणि हे मात्र प्रत्येकाने शिकून घ्यावं असं आहे. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले: गेले, पण दांडा ढिला. इंजिन चालू करून, न्यूट्रलमध्ये क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबले, मग रिव्हर्स टाकला: किंचित कुरकुर, आधीपेक्षा बरीच कमी. मग क्लच भराभर तीन वेळा पंप करून टाकला: आवाजच नाही. शेवटी विजापूर रोडला मोकळ्या जागी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. इंजिनचे फेरे एकदम वर पळाले आणि गाडीचा वेग तिथेच राहिला, तर प्लेट घसरतेय असं समजायचं. तसं काही झालं नाही.

"प्लेट चांगली हाय," काका म्हणाले. "तुझी तीन दुखणी हायेत. एक पायात, एक ऑईलमध्ये, एक दांड्यात."

पायातलं दुखणं अर्धं मॅटचं आणि अर्धं फ्लुइडचं, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या द्रवाचं. पंप केल्यावर गिअर नीट पडतो म्हणजे क्लचच्या लाइनमध्ये हवा किंवा वाफ. माझ्या गाडीत, इतर बऱ्याच गाड्यांप्रमाणे, ब्रेक आणि क्लचला फ्लुइडची बाटली एकच आहे. तिच्या कुशीतून एक नळी क्लचच्या मास्टर सिलेंडरला, म्हणजे पेडलकडच्या पंपाला, जाते. आधीच्या मालकाच्या बिलांत 'ब्रेक ऑईल बदलले' असं दोनदा होतं. पण ते चारही चाकांतून काढलेलं. क्लचच्या नळीतलं तसंच राहिलेलं, बहुधा पहिल्या दिवसापासून. हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही असं मानक आहे, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. जवळून टर्बोची उष्णता, वर आमचा उन्हाळा. म्हणून गर्दीत तासभर गेला की पेडल पोकळ व्हायचं.

घराच्या अंगणातच हवा काढली. काका पेडलवर, मी स्लेव्ह सिलेंडरच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या टोकाच्या, निपलला पारदर्शक नळी लावून खाली. "दाब." "धर." निपल उघडायचा, बंद करायचा. "सोड." पहिल्यांदा जे आलं ते काळं, चहाच्या चोथ्याच्या पाण्यासारखं. पंधरा-वीस वेळा केल्यावर नळीत मधाच्या रंगाचं फ्लुइड दिसलं आणि बुडबुडे थांबले. खर्च अर्ध्या लिटरच्या बाटलीचा. क्लच आता खालून एका ठरलेल्या जागी पकडायला लागला, रोज त्याच जागी. मला वाटतं क्लचच्या बाबतीत हलकं-जड हा प्रश्न दुय्यम आहे. पकड कुठे येणार हे पायाला आधी माहीत असलं की जड क्लचसुद्धा चालतो.

ऑईलचं दुखणं बिलातच लिहिलेलं होतं: 'गिअर ऑईल ९०, जीएल-५'. गाडीच्या माहितीपुस्तकात मात्र ७५डब्ल्यू-८०, जीएल-४, म्हणजे त्याहून पातळ आणि वेगळ्या दर्जाचं. ट्रकच्या डिफरन्शियलला चालणारं दाट ऑईल कुणीतरी 'ऑईल ते ऑईल' म्हणून ओतलेलं. सिंक्रो म्हणजे साधारण पितळेची एक कडी; गिअर अडकण्याआधी ती गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवते. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ही सोय पहिल्यांदा आणली, तोवर सगळं ड्रायव्हरच्या पायावर होतं. आता ज्या कडीचं कामच घासणं, तिच्यावर दाट आणि जास्त निसरडं ऑईल टाकलं तर ती वेग जुळवणार कशी? त्यात जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची मात्रा काही प्रकारांत पितळेला खाते. ऑईल काढलं तेव्हा ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा गाळ होता. तो लोखंडाचा, त्याने घाबरायचं नसतं. घाबरवलं ते ट्रेमधल्या ऑईलमध्ये उन्हात चमकणाऱ्या सोनेरी कणांनी. पितळ चुंबकाला चिकटत नाही. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खाल्लंय थोडं."

दोन लिटरच्या आसपास नवं ऑईल भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा गिअर अडला, पण आधीसारखा भांडला नाही.

राहिला दांडा. जुन्या जीपमध्ये किंवा जिप्सीत गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्समध्ये शिरतो, कारण इंजिन उभं आणि गिअरबॉक्स ड्रायव्हरच्या मांडीशेजारी. माझदाच्या एमएक्स-५ किंवा होंडाच्या एस२००० च्या गिअरची जी तारीफ होते तिचं एक मोठं कारण हेच. माझ्या गाडीत इंजिन आडवं, गिअरबॉक्स पुढे बॅटरीच्या खाली, आणि मधे दोन केबल. केबलच्या टोकाला गिअरबॉक्सच्या पिनवर बसणारा प्लॅस्टिकचा बुश असतो. बॅटरीचा ट्रे काढून पाहिलं तर बुशचं गोल भोक लांबट झालेलं. केबलचं टोक हाताने हलवलं की खुळखुळ. माझा तिसरा गिअर तिथे हरवत होता, आणि मी वर नॉब बदलत बसलो होतो.

बुश सुटा मिळेना. पूर्ण केबल सेट घ्या, तोही मागवावा लागेल, असं उत्तर. इथे सोलापूर कामाला आलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमचे सुटे भाग बनवणारे एक तेलुगू टर्नर आहेत, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांच्याकडे गेलो तेव्हा लेथवर पिकर चालू होते, धोट्याला ठोसा मारून या टोकाहून त्या टोकाला पाठवणारा तो तुकडा. अण्णांनी माझा बुश बोटांत फिरवला, व्हर्निअर लावला. पिन १० मिलिमीटर, भोक एका बाजूने १०.२, दुसऱ्या बाजूने ११.४.

"नायलॉनचा करून द्या," मी म्हटलं.

"नायलॉन नको. नायलॉन पाणी पितंय, फुगतंय. पावसाळ्यात गिअर जाम होईल बघा." त्यांनी कपाटातून पांढरी कांडी काढली. "हे ॲसिटल. हे फुगत नाही."

लेथ सुरू झाला. कांडीवरून पांढरी फीत निघत राहिली, न तुटता, अण्णांच्या चपलेपर्यंत. आधी बाहेरचा गोल, मग केबलच्या कडीत अडकायला खाच, मग भोक. भोक घेताना तीनदा थांबून माझी पिन, म्हणजे मी सोबत नेलेला त्याच मापाचा बोल्ट, घालून पाहिला. पहिल्यांदा घट्ट. दुसऱ्यांदा जरा घट्ट. तिसऱ्यांदा बोल्ट स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरला, दाणकन पडला नाही. "बस्स," म्हणाले. दोन्ही केबलचे दोन बुश, २०० रुपये. मी ५०० ची नोट दिली तर सुटे नाहीत म्हणून समोरच्या टपरीवरून आणून ३०० परत केले आणि वर चहा पाजला.

ते बसवून रविवारी सकाळी काकांना घेऊन तुळजापूरला निघालो. ४५ किलोमीटर, शेवटी बालाघाटाच्या कडेवर चढणारा छोटासा घाट. घाट म्हणजे काही खंडाळा नव्हे, पण आम्हा सपाटीवरच्या लोकांना पुरे. पुढे उसाचा ट्रॅक्टर, वळण, तिसऱ्यातून दुसरा. क्लच दाबला, ॲक्सिलरेटरला एक हलकी टिचकी, दांडा मागे. तो गेला. 'टक' असा बारीक आवाज, हाताला नीट जाणवलेला, आणि दांडा तिथेच राहिला. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांना आवडलं की नाही ते कळलं नाही. वर पोचल्यावर म्हणाले, "येताना मी चालवतो." आले तेही. पूर्ण घाटभर त्यांनी ब्रेक तीनदाच दाबला, मी मोजले.

एक गोष्ट राहिलीच. पितळ खाल्लं गेलं ते परत येणार नाही. सकाळी पहिले दोन किलोमीटर दुसरा गिअर अजून थोडा अडतो. त्यासाठी गिअरबॉक्स उघडायची माझी सध्या तयारी नाही, मोसम तोंडावर आहे. काकांनी एसटीचा उपाय शिकवलाय: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, इंजिनचे फेरे उतरू द्यायचे, पुन्हा क्लच दाबून दुसरा. जुन्या लेलँडला ते रोज असंच करायचे म्हणे. शेजारच्या पोराने परवा मला विचारलं, काका, तुम्ही दोनदा क्लच का दाबता? आसरा चौकापर्यंत ऑईल गरम होतं, मग नाही दाबत.