फोनवरची ऑर्डर

काल रात्री डॉक्टरांनी फोनवर डोस सांगितला. नव्या सिस्टरला ऐकू आलं 'फिफ्टी'. तिने लिहून परत वाचून दाखवलं, तेव्हा पलीकडून आवाज चढला, "अगं, फिफ्टीन! वन-फाइव्ह!" सकाळी हँडओव्हरला (ड्युटी बदलताना) डॉक्टरांचं पुन्हा तेच, "नीट ऐकत जा." मला नाही पटलं. पहाटे तीनला, मॉनिटर कोकलत असताना कोणालाही तसंच ऐकू येईल. इन्चार्ज सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, तिने वाचून दाखवलं म्हणून तर सापडलं."

डॉक्टर गप्प!

दुपारी फोनशेजारी एसबीएआरचा, म्हणजे रुग्णाबद्दल कसं सांगायचं त्याच्या चार पायऱ्यांचा, कागद लागला: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, काय हवंय. (मूळ पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची बरं का.) खाली पेनाने वाढवलंय, 'आकडे सुटे सुटे बोलावेत, डॉक्टरांनीसुद्धा.' बघू, सर्जरीवाले ऐकतात का!