वीज पडलेल्या माणसाला कुणी हात लावेना

ऑक्टोबरातला मराठवाडा ट्रेकवाल्यांना हमखास फसवतो. गवत हिरवं, सकाळी आभाळ निरभ्र, पाऊस संपला असं सगळेच धरून चालतात. पण जमिनीत ओल असते, दुपारचं ऊन रणरणतं असतं आणि परतीचा पाऊस अजून इथेच घुटमळत असतो. बाराला विरळ दिसणारे ढग दोनपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंच चढतात. एप्रिलअखेर ते जून आणि पुन्हा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे आपल्याकडे विजांचे दिवस. वीज हे शेतात राबणाऱ्यांचं संकट, अशी किल्ले हिंडणाऱ्यांची उगाचच समजूत असते.

त्या दिवशी पुढच्या गटासाठी वाट बघून ठेवायला मी आणि माझा मदतनीस अंतूरला गेलो होतो. कन्नड तालुक्यात नागापूरच्या पुढे, अजिंठ्याच्या रांगेतून बाहेर आलेल्या सोंडेवर हा किल्ला आहे. बाजूंना खोल दरी, एकामागोमाग तीन दरवाजे, आत तळं, मशीद, बुरूज. कच्चा रस्ता पावसाने खचल्यामुळे गाड्या अलीकडेच उभ्या होत्या. तिथून तिसऱ्या दरवाजापर्यंत पस्तीस मिनिटं, त्यातला बराच भाग उघड्या सोंडेवरून. ही पस्तीस मिनिटं लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

वर चाळीसेक जणांचा एक गट होता. पोहे, प्रवास आणि प्रमाणपत्र मिळून पाचशेच्या आत, आणि एवढ्या लोकांमागे एकच लीडर. दीडच्या सुमारास वारा एकदम पडला. शेळ्या हाकत खाली निघालेले एक म्हातारे बाबा आम्हाला म्हणाले, "आबाळ दाबून आलंय. ईज पडंल, खाली चला." मी त्या लीडरला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "सर, जेवण आत्ताच वाढलंय, अर्ध्या तासात निघतो. आज फक्त यलो अलर्ट आहे."

या यलोचं एकदा काय ते बोलून घेतो. जवळपास दहा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याला हवामान खात्याने दिवसभरासाठी एकच रंग दिलेला असतो. तुमच्या डोंगरावर दुपारी दोनला काय होणार, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा असतो, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं. दोन्हीला नेटवर्क लागतं. अंतूरवर त्या दिवशी ते फक्त बुरुजावर चढलं तरच मिळत होतं, म्हणजे वादळात जिथे अजिबात जाऊ नये तिथेच.

ट्रेकच्या वर्गात शिकवतात, वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आडोशाला जा, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. नियम चांगला आहे, पण मैदानावरचा आहे, जिथे इमारत दोन मिनिटांवर असते. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. ढग ताशी तीस-चाळीसने सरकला तर पंधरा-वीस मिनिटांत डोक्यावर. आणि मुख्य ढगापासून दहा किलोमीटरवरही वीज पडू शकते, म्हणजे गडगडाट ऐकू आला तेव्हाच तुम्ही तिच्या टप्प्यात असता. गाडी पस्तीस मिनिटांवर असेल तर पहिल्या गडगडाटाला निघणं म्हणजे ऐन वादळात उघड्या सोंडेवर सापडणं. निघायचं ते ढगाचा तळ काळा पडून माथा सपाट पसरू लागला की, नाहीतर घड्याळ बघून. या दिवसांत अंतूरसारख्या ठिकाणी साडेबाराला माथा सोडलेला बरा.

आम्ही तिसऱ्या दरवाजाशी आलो आणि गार वाऱ्याचा झोत अंगावर आला. हा झोत ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेचा असतो, त्यामागून पाऊस आणि विजा पाच-दहा मिनिटांत पोचतात. सोंडेवर उतरायचा विचार सोडून आम्ही दरवाजातच थांबलो. गटातले काही जण पळत आमच्यामागे आले, बरेच मशिदीत शिरले, आणि दरवाजापासून शंभरेक पावलांवरच्या झाडाखाली पाच जण उभे राहिले. भिजू नये म्हणून.

वीज झाडावर पडली. वीज वरून खाली एका रेषेत येते आणि ज्याच्यावर पडते त्यालाच लागते, असं लोकांना वाटतं. थेट अंगावर पडणारी वीज कमी. बुंध्यातून उतरताना ती शेजारच्या माणसावर उडी मारते, कारण ओल्या लाकडापेक्षा माणसाच्या अंगातून तिला वाट सोपी असते. उरलेली मुळांवरून जमिनीत पसरते, तेव्हा एका पायाखाली आणि दुसऱ्या पायाखाली विजेचा दाब वेगळा असतो आणि प्रवाह एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो. म्हणून पाय जुळवून उभं राहायला सांगतात. जनावरांच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाखाली गुरं एकदम मरतात.

एक मुलगी आक्रोश करत होती, पाय हलत नव्हते, गार आणि निळसर पडले होते. सगळा घोळका तिच्याभोवती. तिच्यापासून दोन हातांवर एक पोरगा शांत पडला होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. "अंगात करंट असेल." आम्ही पळत पोचेपर्यंत दोनेक मिनिटं गेली असतील. लीडरकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र होतं, आणि तोही मुलीचे पाय चोळत बसला होता.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. विजेच्या तारेला चिकटलेल्याची गोष्ट वेगळी, तिथे प्रवाह चालू असतो. वीज क्षणात येऊन जाते. आणि एकदम बरेच जखमी असताना निपचित पडलेला शेवटी बघायचा, हा नेहमीचा क्रम इथे उलटा लावायचा असतो: जो ओरडतोय तो श्वास घेतोय, म्हणजे तो थांबू शकतो. जो निपचित पडलाय त्याच्याकडे आधी जायचं. विजेने हृदय थांबलं तरी बऱ्याचदा ते आपणहून पुन्हा सुरू होतं, पण मेंदूतलं श्वासाचं केंद्र बधिर राहतं. श्वास मिळाला नाही तर सुरू झालेलं हृदयही पुन्हा बंद पडतं. त्यामुळे नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वास द्यावाच लागतो. बुबुळं विस्फारलेली दिसली म्हणून माणूस गेला असं धरायचं नाही, विजेत ती तशी होतात.

आजूबाजूला अजून कडकडत होतं, म्हणून त्याला आधी दरवाजाच्या आत ओढला. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग, कोपरं ताठ, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. तीस दाबांमागे दोन श्वास, हनुवटी वर उचलून आणि नाक चिमटीत धरून. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेला माणूस खोल दाबत नाही आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. तिसऱ्यांदा बदललो तेव्हा पोरगा खोकला. छातीवर फांद्या फुटाव्यात तशा लालसर रेघा उमटल्या होत्या. त्या भाजल्याच्या नसतात, दिवसभरात जातात. मुलीच्या पायांत संध्याकाळपर्यंत जीव आला.

गडगडाट थांबून अर्धा तास झाल्यावर एकाला बुरुजावर पाठवून १०८ लावला. रुग्णवाहिका नागापूरपर्यंत आली. गाड्यांपर्यंतचा टप्पा दोन वासे आणि ताडपत्रीच्या डोलीवर. सहा जण खांद्याला, सहा बदलीला. पस्तीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला. पोरगा आता हिंडतोफिरतो, एका कानाचा पडदा फाटलाय आणि त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर एकच निष्कर्ष: मोबाईलमुळे वीज पडली. मोबाईल वीज ओढत नाही. उंच, एकटं, टोकदार जे असतं तिथे ती पडते, आणि तिथे ते झाड होतं. पण झाडाखाली उभं राहू नका हे कुणाला फॉरवर्ड करावंसं वाटत नाही.

माझ्या डोक्यात अजून घोळतंय ते दरवाजाचं. पुस्तकी उत्तर असं की दगडी आडोसा सुरक्षित नाही. उथळ कपारीच्या किंवा गुहेच्या तोंडाशी तर प्रवाह वरून खाली उडी मारतो, मधल्या माणसातून. खरा आसरा दोनच: वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत, नाहीतर पत्र्याच्या छताची, काचा बंद केलेली गाडी. मशीद आणि दरवाजा दोन्ही यात बसत नाहीत. पण गाडी पस्तीस मिनिटांवर असताना आणि चाळीस जण माथ्यावर असताना तो लीडर मला नंतर विचारत होता, की सगळ्यांना दरवाजात कोंबलं असतं तर चाललं असतं का. मी त्याला म्हणालो, झाडापेक्षा नक्कीच बरं. कमानीच्या तोंडाशी नाही, आत. भिंतीला पाठ न लावता, सॅकवर उकिडवं बसून, पाय जुळवून. आणि एका ठिकाणी सगळे नाहीत, पांगून, म्हणजे पडलीच तर उठून छाती दाबायला कुणीतरी शिल्लक राहील. चाळीस जण त्या दरवाजात पांगून बसू शकत नाहीत, हे त्याने लगेच दाखवून दिलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.