"तायि कुडीतिद्रा?"

खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. अक्का गेल्यापासून तिचा मुलगा माझ्याकडेच आहे, आता नऊ वर्षांचा. शाळेची कायम एकच तक्रार: काल आलेलं आज विसरतो, जागेवर बसत नाही, ऐकत नाही. गुरुजींनी छड्या मारल्या, मीही हात उचलला, खोटं कशाला बोलू. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं, दुसऱ्यांनी 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून घालवून दिलं.

शेवटी शाळेत तपासणीला आलेल्या बाईंनी टेपनं त्याचं डोकं मोजलं आणि बेळगावच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथल्या मॅडम त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्याच्या नाकाखालून ओठापर्यंत बोट फिरवलं. आपल्याला तिथं खाच असते, त्याला सपाट. वरचा ओठ पातळ, डोळ्यांच्या फटी आखूड. आणि विचारलं, "तायि कुडीतिद्रा?" नर्स मराठीत सांगायला लागली. गरज नव्हती, तेवढं कन्नड मला कळतं: आई दारू प्यायची का?

दाजी शेजारीच होते. "छे, कायतरी काय विचारताय!"

अक्काच्या सासरी काजूच्या हंगामात गोव्याकडून हुराक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, यायचा. दिवसभर बिया वेचून कंबर धरली की तीही घ्यायची, पोटुशी असतानाही. 'एवढ्यानं काय होतंय गं?' म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

"घेत होती," मी म्हटलं. मेलेल्या बहिणीबद्दल.

मॅडमनी समजावलं. आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळाकडे जाते, त्यात मेंदूची घडण बिघडते. 'एवढी चालते' असं मापच नाही. रक्त तपासून हे कळत नाही, म्हणून तो प्रश्न. फीटल अल्कोहोल सिंड्रोम. हे नाव म्हणे १९७३ सालचं. आमच्यापर्यंत यायला किती वर्षं लागली बघा!

सर्टिफिकेटचे हेलपाटे वेगळेच. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात या आजाराचं नाव नाही. 'बौद्धिक अक्षमता' म्हणून अर्ज केला. बुद्ध्यांकाची चाचणी आधी कन्नडमध्ये घेतली, मराठी शाळेतलं पोर नुसतं बघत बसलं. मी हट्ट धरला, तेव्हा मराठी येणाऱ्या बाईंनी पुन्हा घेतली.

घरी मात्र एक गोष्ट लगेच बदलली. आधी 'दप्तर ठेव, हात धू, जेवायला बस' म्हटलं की दप्तर धरून मधेच उभा. मला वाटायचं, माज. आता फक्त 'दप्तर ठेव'. ते खुंटीला लागलं की पुढचं.

दाजी माझ्याशी बोलत नाहीत. परवा त्याला न्यायला आले, दारातूनच "चप्पल घाल, पिशवी घे, चल लवकर" म्हणाले. तो उभाच.

मी आतून म्हटलं, "एकेक सांगा."