श्रीलंकेतला रोजचा बुद्ध

श्रीलंकेत बुद्ध आधी रस्त्यावरच भेटतो. चौकाचौकात काचेच्या पेटीत मूर्ती, रात्री लाइट लावलेली, पुढे ताजी फुलं. कोलंबोहून गॉलकडे जाताना कळुतराला नदीवरचा पूल ओलांडला की रस्त्याला लागूनच बोधिवृक्ष आहे, तिथे आमची बस थांबली, कंडक्टर उडी मारून उतरला, दानपेटीत नाणी टाकली, हात जोडले आणि धावत येऊन परत दांड्याला लटकला. मागे गाड्या खोळंबल्या होत्या पण हॉर्न कोणी मारला नाही, कारण मागच्यांनाही तेच करायचं होतं. तिथला मोठा स्तूप आतून पोकळ आहे, आत जाता येतं, तोही बघितला, छान आहे. पण मनात राहिला तो कंडक्टर.

पौर्णिमेला मात्र अख्खा दिवसच बुद्धाचा. तिकडे तिला पोया म्हणतात, दर पोयाला सरकारी सुट्टी, दारूविक्री बंद, मटणाची दुकानंही बंद. सकाळपासून पांढऱ्या कपड्यातली माणसं विहाराकडे निघालेली दिसतात, काही जण अष्टशील म्हणजे आठ नियम पाळायचं व्रत घेऊन दिवसभर तिथेच थांबतात, दुपारनंतर जेवत नाहीत. मी एका कडेला बसले होते आणि ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ सुरू झालं तेव्हा अंगावर काटाच आला. आपल्याकडच्या विहारात म्हणतात तेच त्रिशरण, तेच पंचशील, चाल तेवढी वेगळी. बाबासाहेब 1950 साली कँडीच्या बौद्ध परिषदेला याच देशात आले होते आणि सहा वर्षांनी नागपूरला लाखो लोकांनी हेच शब्द म्हटले, ते तिथे बसल्या बसल्या सारखं आठवत होतं.

शेजारी एक आजी होत्या. त्यांनी कमळाच्या पाकळ्या एकेक करून उलगडल्या, ताटात रचल्या, वरून पाणी शिंपडलं. मी सवयीने वास घ्यायला वाकले तर हसून मान हलवली, बुद्धाला वाहायच्या फुलाचा वास आपण आधी घ्यायचा नाही. मग ताट घेऊन निघाल्या तर वाटेत अनोळखी माणसं त्या ताटाला हात लावून नमस्कार करत होती, म्हणजे त्या फुलांच्या पूजेत त्यांचाही वाटा. फुलं वाहताना जी गाथा म्हणतात त्यात ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’ असं येतं, हे फूल जसं कोमेजतं तसं माझं शरीरही नाश पावणार. आणि हे आजी आपल्या चिमुरड्या नातीकडून म्हणून घेत होत्या! मला ते फार आवडलं, मुलांपासून काही लपवायचं नाही.

मागणं मागणारेही असतात हो. आजारपण, परीक्षा, नोकरी, काहीही असलं की बोधिपूजा करतात, पाण्याची कळशी घेऊन झाडाला फेऱ्या घालतात. याला खरा बौद्ध धम्म म्हणायचं का असा वाद घालणारे भेटतात पण मला तो वाद कोरडा वाटतो. आजारी लेकरासाठी कळशी घेऊन फिरणाऱ्या आईची परीक्षा आपण का घ्यावी?

ज्या घरात उतरले होते तिथे एकदा भिक्खूंना भोजनदान होतं, आजोबांना जाऊन वर्ष झालं म्हणून. पहाटेपासून चुलीवर नारळाच्या रसातल्या भाज्या शिजत होत्या. बुद्धाच्या धातूंचा, म्हणजे पवित्र अवशेषांचा करंडक थोरल्या मुलाने डोक्यावर घेऊन घरात आणला, वर पांढरं छत धरलेलं. दारात धाकट्याने प्रत्येक भिक्खूचे पाय धुतले आणि पुसले, अगदी कोवळ्या सामणेरांचेही, म्हणजे शिकाऊ भिक्खूंचेही, आणि हा माणूस एरवी दिवसभर रिक्षा चालवतो. माध्यान्हीच्या आत भिक्खूंचं जेवण उरकलं, आजोबांना पुण्य अर्पण करून झालं, मग शेजारीपाजारी, स्टँडवरचे रिक्षावाले आणि मी अशी पंगत बसली.

जाणार असाल तर वैशाख पौर्णिमेच्या सुमाराला जा, रस्त्यावर दानसल लागतात, कोणालाही फुकट जेवण, सरबत, आइस्क्रीम, आणि वाढणारे अक्षरशः हात दाखवून गाड्या थांबवतात. खांदे-गुडघे झाकणारे पांढरे कपडे न्या, मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, त्यांना ते खरंच लागतं. आणि जुन्या स्तूपांच्या अनुराधपूरला सकाळी लवकर पोचा, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी तिथली फरशी पाय टेकू देत नाही.