हळव्या मनासाठी गच्चीवरची झाडं : आषाढ ते चैत्र

आधी वर्षाचा हिशेब. मंडूकपर्णी, तुळस, वाळा आणि दवणा जोमात आहेत. कॅमोमाइल पहिल्यांदाच फुललं. शंखपुष्पी म्हणून लावलेल्या वेलीने जीव तेवढा धरला. अश्वगंधा लावलीच नाही, ती मुद्दाम. कारण पुढे येईलच.

गच्ची कोल्हापुरातली. पूर्वेचं ऊन भरपूर, पश्चिमेला शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे दुपार कलली की सावली. आषाढात इथे पाऊस कुंड्या अक्षरशः धुऊन काढतो, म्हणून अर्ध्या भागावर पत्रा आहे.

या बागेचा हेतू पहिल्यापासून एकच. माझी भाची आमच्याकडे राहून शिकते. ट्यूबलाइटची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, वर्गात दुसऱ्याच कोणाला बसलेला ओरडा, सगळं तिच्या अंगावर येतं. मीही त्याच मुशीतली. ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ हे वाक्य आम्ही दोघींनी लहानपणापासून ऐकलंय. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलेन ॲरॉन यांनी १९९०च्या दशकात या स्वभावाचा अभ्यास मांडला. त्यांच्या अंदाजाने शंभरात १५ ते २० माणसं अशी असतात: आवाज, उजेड, वास, दुसऱ्याचं दुःख हे सगळं त्यांना जास्त खोल जाणवतं, आणि ते पचवायला वेळ लागतो. हा आजार नाही, उपजत स्वभाव आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. आजार नसेल तर औषध शोधायची घाई नाही, सोबत शोधली तरी चालते.

झाडांनी मला जे शिकवलं ते असं: हळव्या माणसाला एका वेळी एकच वनस्पती द्यावी, थोडी द्यावी, आणि ती आधी नाकाला नि हाताला द्यावी, पोटात नंतर. बाजारात ‘मनःशांती’च्या नावाखाली मिळणाऱ्या मिश्रणांत दहा-बारा वनस्पती एकत्र कोंबलेल्या असतात, वर उग्र सुगंध. ज्याला उदबत्तीच्या धुरानेही डोकं धरावं लागतं, त्याला यातलं काय मानवलं आणि काय बाधलं हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून आमच्याकडे नवीन वनस्पती आली की निदान एक ऋतू ती एकटीच.

आषाढ–श्रावण

मंडूकपर्णी भोक नसलेल्या लोखंडी घमेल्यात आहे. खाली भाताच्या शेतातली चिकणमाती, वर दोन बोटं शेणखत. पाणी साठू द्यायचं नाही (डास होतात), पण चिखल कधी वाळूही द्यायचा नाही. धावते कोंब सुटतात, प्रत्येक पेऱ्याला मुळं धरतात आणि श्रावणात घमेल्याच्या काठावरून खाली लोंबायला लागतात.

रोप घेताना नीट बघून घ्या. आपल्याकडे रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ मागितली की बहुतेक वेळा हीच हातात पडते: लांब देठ, मूत्रपिंडाच्या आकाराचं दातेरी पान. दुसरी ती नीरब्राह्मी. तिची पानं बारीक, मांसल, जवळजवळ बिनदेठाची, आणि फुलं फिकट जांभळी नाहीतर पांढरी. दोन्ही गुणी आहेत, दोन्ही ओलीतल्या, पण कुळं वेगळी. चरकसंहितेत बुद्धीला पोषक म्हणून सांगितलेली मेध्य रसायनं चार आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा पिळलेला रस), दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि मुळाफुलांसकट शंखपुष्पीचा कल्क (ओलं वाटण). नीरब्राह्मीवर आधुनिक प्रयोग बरेच झालेत, पण ते बहुतेक अर्काच्या कॅप्सूलवर, दिवसाला साधारण ३०० मिलिग्रॅम, सलग १२ आठवडे, आणि मुख्यतः स्मरणशक्तीसाठी. गच्चीवरच्या चार पानांकडून तेच मागणं योग्य नाही. रिकाम्या पोटी नीरब्राह्मी घेतली तर अनेकांना मळमळतं, हेही ध्यानात असू द्या.

आमच्याकडे मंडूकपर्णीची दोन-तीन पानं दह्यातल्या कोशिंबिरीत चिरून पडतात, तीही आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी. चव कडवट, मागून किंचित गोडसर. भाचीला ती आवडते, आणि खुडायला तीच जाते. खुडण्यातच तिचा अर्धा ताण उतरतो असं मला दिसतं. ओल्या मातीवर वाकून एकेक देठ नखाने तोडायचं, तेवढा वेळ शाळा, मैत्रिणी, कोण काय बोललं, सगळं मागे पडतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ओढ्यानाल्याकाठची ब्राह्मी कितीही टवटवीत दिसली तरी खायला आणू नका. या वनस्पती पाण्यातले कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू अंगात साठवतात. लावायला रोप तिथून आणलं तरी आणलेली पानं टाकून द्या आणि स्वच्छ मातीत फुटलेली नवीच वापरा.

भाद्रपद–आश्विन

या दोन महिन्यांत घमेलं इतकं भरतं की तेल करता येतं. शास्त्रातलं प्रमाण सोपं आहे: कल्क एक भाग, तेल चार भाग, रस सोळा भाग. मी खोबरेल घेते. पानं पाट्यावर वाटून अर्ध्याहून जास्त फडक्यातून पिळून रस काढते, उरलेलं वाटण तसंच कल्क म्हणून. रस कमी पडला तर पाण्याची भर. जाड बुडाच्या पितळी पातेल्याला कल्हई असल्याची खात्री करून मंद आचेवर ठेवायचं आणि मग घाई करायची नाही. आधी हिरवा फेस वर येतो, मग तो बसतो, मग पाणी आटतानाचा फटफट आवाज हळूहळू बारीक होत जातो. कल्क बोटांत घेऊन वळला तर त्याची वात व्हायला हवी, आणि ती वात ज्योतीवर धरली तर तडतडता कामा नये. तडतडली म्हणजे पाणी अजून शिल्लक. या वर्षीचं तेल सुरेख झालंय, गडद हिरवं, वाळलेल्या गवताच्या वासाचं. त्यात दुसरा कुठलाही सुगंध घातलेला नाही.

हे तेल डोक्याला कमी, तळपायाला जास्त लागतं. रात्री माझी आई काशाच्या वाटीने नातीचे तळवे घासते.

“पाय सैल सोड बघू. दिवसभर एवढं काय ताणून धरतीस?”

“आज्जी, आज जरा हळू गं.”

तळवा काळा पडतो तेव्हा ‘बघ, उष्णता बाहेर आली’ असं घरोघरी म्हणतात. तो काळेपणा काशातल्या तांब्याची तेलाशी आणि घामाशी क्रिया होऊन येतो. पण तो कुठूनही येवो, वाटी फिरायला लागली की पोरीचा श्वास खाली उतरतो आणि खांदे पडतात, हे मी रोज डोळ्यांनी बघते. एकाच माणसाचा, एकाच लयीतला, न बोलता झालेला स्पर्श हळव्या माणसाला किती मोलाचा असतो, हे कुठल्याही बाटलीवर लिहिलेलं नसतं.

याच दिवसांत पारिजातक. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालतं असा मान फक्त त्याचा. पहाटे फुलं वेचायला भाची आपणहून उठते. त्याबद्दल जास्त लिहित नाही. ज्यांच्या दारात आहे त्यांना माहीत आहे.

कार्तिक

तुळशीचं लग्न झालं. दोन कुंड्या आहेत, एक कृष्णतुळस, एक कापूरतुळस. मंजिऱ्या आल्या की शेंडे खुडायचे, नाहीतर झाड बियांत जीव ओततं आणि लाकडी होतं. थंडीत पाणी निम्म्यावर आणलंय. मावा दिसला तर निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, आणि पुढचा आठवडा त्या कुंडीची पानं खायची नाहीत.

कृष्णतुळशीत लवंगेतलंच युजेनॉल हे वासाचं द्रव्य भरपूर, तिचा वास घशापर्यंत जातो. माझं तिच्याशी जमतं, भाचीचं नाही. तिला कापूरतुळस हवी. एकाच घरात, एकाच स्वभावाच्या दोघींत एवढा फरक, म्हणून ‘हळव्या लोकांसाठी अमुक वनस्पती’ असं कोणी ठासून सांगितलं की माझा विश्वास बसत नाही. बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमसच्या ठाण्यावर थांबतात. वासाची वाट मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जवळजवळ थेट जुळलेली आहे. म्हणून वास सुखावतोही पटकन आणि बोचतोही पटकन. आमची रीत अशी: पान खुडायचं नाही, दोन बोटांत नुसतं धरायचं, बोटं नाकाजवळ न्यायची. चेहरा आक्रसला तर ती वनस्पती आपली नाही.

आणि तुळस केवळ वासाची नाही. वारीत डोक्यावर वृंदावन घेऊन आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या बायका दरवर्षी बघते. त्यांच्या चालण्यात जो ठेहराव आहे तो मला या झाडापाशी रोज थोडासा मिळतो. सकाळी पाणी, संध्याकाळी दिवा. दोन्ही वेळा ठरलेल्या, कोणी काही विचारत नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. जगाचं दुःख अंगावर घेणाऱ्याला ते कुठेतरी ठेवायला जागा लागते. वर्तमानपत्रातली एखादी बातमी वाचून भाची सुन्न झाली की मी समजावत बसत नाही. ती जाऊन तुळशीपाशी बसते, त्या माणसांसाठी हात जोडते आणि उठते. प्रार्थना ही आमच्या बागेतली खरीखुरी मशागत आहे असं मी मानते.

माघ–फाल्गुन

कॅमोमाइल! लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने उत्तरेत ज्याच्या शेतीला हातभार लावला ते हे युरोपातलं फूल कोल्हापूरच्या थंडीत येईल का, शंका होती. दिवाळीनंतर बी नुसतं मातीवर भुरभुरलं, वर माती ओढली नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. माघात फुलं आली, पिवळी टोपी आणि पांढऱ्या पाकळ्या, सफरचंदासारखा वास. पाकळ्या खाली झुकल्या की खुडायची, सावलीत सुती कापडावर वाळवायची. कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर फुलं, वर झाकण, पाच मिनिटांनी गाळून घ्यायची. आयुर्वेदात याला फांट म्हणतात. मला रात्री मानवतं. शेवंती-झेंडूच्या कुळातलं आहे, तेव्हा त्या फुलांनी ज्यांना शिंका किंवा पुरळ येतं त्यांनी लांब राहावं.

शंखपुष्पीचं बी म्हणून जे मिळालं त्यातून निळ्या फुलांची विष्णुक्रांता आली. माळरानावरची, कोरड्यातली वेल. कुंडीत तिला करमत नाही. चार फुलं देऊन थांबली.

चैत्र

जोतिबाच्या यात्रेचा महिना आणि दवण्याचा. वाडी रत्नागिरीला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात, त्यामुळे हा वास आमच्या रक्तातच आहे. बी कार्तिकात पेरलं होतं. रोप नाजूक, पान राखाडी-रुपेरी, झालरीसारखं. पाणी मुळाशीच, पानांवर नको. फाल्गुनात बारीक पिवळी बोंडं आली. गोड, फळासारखा, तरी खोल वास, आणि वाळल्यावर तो अजूनच मुरतो. भाचीने वाळलेली एक काडी कंपासपेटीत ठेवली आणि परीक्षेला जाताना तेवढीच हुंगून गेली. देवाचा दवणा आहे, ही भावनाही त्यात आहे आणि ती मला वासाइतकीच खरी वाटते.

वाळा गेल्या वर्षीपासून उभ्या ड्रममध्ये होता, मुळं खोल जातात म्हणून. पाडव्याला ड्रम आडवा करून गठ्ठा सोडवला. हात, कपडे, गच्ची, सगळीकडे पावसाच्या पहिल्या सरीचा वास. थोडी मुळं धुऊन माठात, थोडी हिमासाठी. हिम म्हणजे उकळायचं नाही, कुटलेली वनस्पती रात्रभर गार पाण्यात भिजत ठेवून सकाळी गाळायची. शास्त्रात एकास सहा पाणी सांगितलंय, आम्ही त्याहून बरंच पातळ करतो. उकळलेला काढा ज्यांना उग्र होतो त्यांच्यासाठी हिम ही फार सुंदर वाट आहे, आणि आपल्याकडे ती जवळपास विसरली गेली आहे.

आता न लावलेल्यांबद्दल. जटामांसी हिमालयात, तीन हजार मीटरच्या वर वाढते आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. मनःशांतीसाठी डोंगर उजाड करायला माझं मन धजत नाही. वेखंडात बीटा-ॲसॅरोन हे अपायकारक द्रव्य असतं, अमेरिकेत १९६८ पासून वेखंडाला खाण्यात बंदी आहे, म्हणून पोटात घेण्यासाठी नाही. अश्वगंधेला थायरॉइड, गरोदरपण, यकृत, झोपेच्या गोळ्या असे अनेक अडथळे आहेत. घरात थायरॉइडची गोळी चालू आहे, विषय संपला. मनोविकारतज्ज्ञांची औषधं चालू असतील तर कुठलीही वनस्पती पोटात घेण्याआधी त्यांनाच विचारा, आणि झाडांच्या भरवशावर गोळी कधीच बंद करू नका. हळवेपणा वेगळा, झोप-भूक उडणं, जगणं नकोसं वाटणं वेगळं. तसं झालं तर टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या हंगामाची तयारी: वाळ्याचे तीन फुटवे नव्या ड्रममध्ये लागलेत. दवण्याचं बी राखेत घोळून बरणीत भरलंय. विष्णुक्रांता आता गावाकडे बांधावर, मुरमाड जागेत टाकणार आहे. नीरब्राह्मीसाठी दुसरं घमेलं आणलंय, ते पहिल्या पावसाला भरेन आणि वर्षभर तिला एकटीलाच बघेन.