इंडोनेशियात कुठे जायचं? आधी सुट्टीचा महिना सांगा

“इंडोनेशियाला जायचंय, दहा दिवस आहेत, कुठे जाऊ?” असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: सुट्टी कधीची? मेची, गणपतीची, दिवाळीची की नाताळची? सुमात्राच्या टोकाजवळच्या साबांगपासून पापुआतल्या मेराउकेपर्यंत हा देश ५,००० किलोमीटरहून जास्त पसरलाय. १७,००० हून जास्त बेटं आणि तीन प्रमाणवेळा. जाकार्ता आपल्या दीड तास पुढे, बाली अडीच, पापुआ साडेतीन. एकाच आठवड्यात एका बेटावर कडक ऊन आणि दुसऱ्यावर लाटांमुळे बोटी बंद, असं इथे सर्रास होतं. त्यामुळे ‘सर्वात सुंदर बेट कुठलं’ या प्रश्नाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही.

आपला पावसाळा तो जावा, बाली, लोम्बोक आणि फ्लोरेसचा कोरडा हंगाम. मे ते सप्टेंबर वारा ऑस्ट्रेलियाकडून येतो, तोही कोरडा. नोव्हेंबर ते मार्च तो वायव्येकडून समुद्रावरची वाफ घेऊन येतो आणि धो धो पाऊस पडतो. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत निघणाऱ्यांचं नशीब थोर म्हणायचं, कारण मेमध्ये पाऊस नुकताच सरलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि जुलै-ऑगस्टची युरोपीय, ऑस्ट्रेलियन गर्दी अजून आलेली नसते.

मेसाठी माझी पहिली पसंती मध्य आणि पूर्व जावा, आणि बाली फक्त शेवटी. योग्यकर्ता (सगळे जोगजाच म्हणतात) इथे तीन रात्री ठेवा. नवा विमानतळ शहरापासून बराच लांब, कुलोनप्रोगोला आहे. टॅक्सीपेक्षा विमानतळाची रेल्वे बरी, साधारण ४० मिनिटांत तुगू स्टेशन. बोरोबुदूरला मैदानाचं तिकीट आणि स्तूपावर चढायचं तिकीट वेगळं असतं. वर दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, तेही ठरलेल्या वेळेच्या तुकडीत, गाइडसोबत आणि तिथे मिळणाऱ्या विणलेल्या चपला घालून. हे माहीत नसलेले लोक पहाटे दारात पोचतात आणि खालूनच बघून परततात. तिकीट आधी ऑनलाइन काढा. प्रंबाननला दुपारनंतर जा. ४७ मीटर उंचीचं शिवमंदिर बघून झालं की कोरड्या हंगामात तिथेच उघड्या रंगमंचावर रामायण नृत्यनाट्य असतं. मात्र ते रोज नसतं, वार बघून मुक्काम ठरवा.

जोगजाहून रेल्वेने प्रोबोलिंगो आणि तिथून गाडीने चेमोरो लावांग. हा ब्रोमो ज्वालामुखीच्या कड्यावरचा गाव. ‘उष्ण कटिबंध’ म्हणून फक्त सुती कपडे घेऊन येणारे इथे कुडकुडतात. सूर्योदयाची जागा पेनांजाकान सुमारे २,७७० मीटरवर आहे आणि पहाटे पारा १० अंशांच्या खालीही जातो. पुढे बान्युवांगीहून इजेन ज्वालामुखी. तिथली चढण जेमतेम तीन किलोमीटर, पण रात्री दोनच्या सुमाराला सुरू होते आणि विवराजवळ गंधकाचा धूर असतो. साधा कापडी मास्क तिथे कुचकामी, गॅसचा मास्क भाड्याने मिळतो तो घ्या. प्रकृतीचा दाखलाही मागतात, तो आदल्या दिवशी गावातच काढा. दमा असेल तर इजेन सरळ गाळा.

तिथून केतापांग ते गिलिमानूक फेरी, तासाभराचं पाणी. पलीकडे घड्याळ एक तास पुढे करायचं. इथे बहुतेकांचं गणित चुकतं: ‘बालीला पोचलो’ म्हणजे मधल्या उबुदला पोचलो असं धरतात. गिलिमानूक बालीच्या पश्चिम टोकाला आहे आणि पुढचा रस्ता ट्रकांनी भरलेला. त्यापेक्षा उत्तर किनाऱ्यावर पेमुतेरानला दोन रात्री राहा, मेंजांगान बेटाभोवती स्नॉर्केलिंग करा, मग खाली उतरा. बालीत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नाही. विमानतळ ते उबुद ४० किलोमीटरच्या आत आहे, पण दीड-दोन तास सहज जातात.

गणपतीच्या सुमारास वेळ असेल तर फ्लोरेस. लाबुआन बाजोहून बोटीवर दोन रात्री, कोमोडो आणि पादार बेटं, मांटा मासे. हीच सहल नाताळात ठरवू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी लाटा वाढल्या की बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत, आणि आगाऊ पैसे परत मिळवणं हा वेगळाच उद्योग.

दिवाळीत आणि नाताळात पूर्वेकडे बघा. मालुकू बेटांचं चक्र उलटं आहे, अंबोनला जून-जुलैत सर्वाधिक पाऊस. पापुआजवळच्या राजा अंपात बेटांना ऑक्टोबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. पण तिथे जायला जाकार्ताहून सोरोंगचं चारेक तासांचं विमान, मग वाइसाईपर्यंत दोन तासांची फेरी, मग छोटी बोट. दहा दिवसांतले तीन प्रवासातच जातात, शिवाय पापुआत मलेरिया आहे, डॉक्टरांना विचारून निघा. पाण्यात उतरणारच नसाल तर एवढा खर्च करू नका.

प्राण्यांसाठी जाणार असाल तर बाली आणि लोम्बोकमधली सामुद्रधुनी लक्षात ठेवा. निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने दाखवलेली, आशियाई आणि ऑस्ट्रेलियाकडच्या प्राण्यांमधली सीमारेषा तिथूनच जाते. ओरांगउटान पश्चिमेलाच: सुमात्रात बुकित लावांग, कालिमांतानात (बोर्निओचा इंडोनेशियातला भाग) तांजुंग पुतिंग. बुकित लावांगसाठी क्वालालंपूरहून मेदान गाठा, तासाभराचं उड्डाण, जाकार्ताला जायची गरज नाही. तांजुंग पुतिंगला कुमाईहून लाकडी बोटीवर राहायचं असतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर काही वर्षी वणव्यांचा धूर असतो.

दोन तारखा कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा. एक म्हणजे बालीतला न्येपी, तिथल्या शक वर्षाचा पहिला दिवस. २०२६ मध्ये तो गुढीपाडव्याच्याच दिवशी, १९ मार्चला आला. २०२४ मध्ये ११ मार्चला होता आणि पाडवा ९ एप्रिलला. त्या दिवशी २४ तास विमानतळ बंद आणि पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. दुसरी रमजान ईद. तिच्या आगेमागे अख्खा जावा गावाकडे निघतो आणि रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत.

शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू गल्लोगल्ली मिळतात, गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा रस्सा. गोची वेगळीच आहे: साम्बाल या मिरचीच्या चटणीत तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, कुरकुरीत क्रुपुकही बहुधा कोळंबीचा, आणि भाजीच्या नासी गोरेंगवरही (परतलेल्या भातावरही) अंडं येतं. “तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा तेलुर” (तेरासी, मासे, अंडं नको) असं सांगा. कांदा-लसूण दोन्ही नको असतील तर “तान्पा बावांग”.

भारतीय पासपोर्टवर उतरल्यावर ५,००,००० रुपियात ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, पासपोर्ट सहा महिने वैध हवा. उतरल्याचा दिवस पहिला धरतात आणि मुदत संपल्यावर दर दिवसाला १०,००,००० रुपिया दंड. बालीत पर्यटक कराचे वेगळे १,५०,००० रुपिये, फेब्रुवारी २०२४ पासून. बऱ्याच एटीएममधून नोटा आधी आणि कार्ड नंतर येतं. पैसे मोजत निघून जाणाऱ्यांची कार्डं मशीन गिळतं. परतीचं आंतरराष्ट्रीय विमान जिथून सुटतं, त्याच बेटावर आदल्या रात्री असा. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेसवरच्या लेवोटोबीच्या राखेने बालीची विमानं रद्द झाली होती, तेव्हा विमा घेताना ज्वालामुखीमुळे रद्द झालेली उड्डाणं त्यात धरली आहेत का, ते वाचून घ्या.